गोल तळाची शिवण

"हात पुढं कर," तात्या म्हणाले.

जयवंतानं उजवा हात पुढं केला. नवरदेवासारखा लाजत होता मेला. तात्यांनी कातडं कापायची रापी उचलली, त्याच्या तळव्याभोवती बांधलेल्या चामड्याच्या पट्टीखाली हळूच सरकवली आणि कचकन ओढली. पट्टी खाली पडली. मी नारळ फोडला, पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात कोंबला.

"आता तू कारागीर," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझी पट्टी उतरायला सहा वर्षं लागली. माझ्या बापाला सात. ह्यानं दीड वर्षात हात मुरवला. शालन, दीड वर्षात!"

"आता गल्लीभर सांगत सुटू नका," मी म्हणाले. पण ते चपला पायात सरकवून बाहेर पडलेसुद्धा होते.

आम्ही मिरजेचे जीनगर. आजोबांच्या वेळेला घोड्यांची खोगिरं होत. घोडे गेले, तसे तात्या तबल्याच्या पेट्यांकडे वळले. वाद्यांच्या दुकानातून डग्गे येत आणि त्यांच्या मापाच्या गोल चामडी पेट्या आम्ही हातानं शिवून देत असू. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं पाडलेल्या एकाच भोकातून एक सुई इकडून घालायची, एक तिकडून, मग दोन्ही दोरे करंगळीच्या बाजूनं तळव्याला गुंडाळून हात फाकवून ताणायचे. मेण चोळलेला दोरा कातड्यात रुततो तसा माणसाच्या हातातही रुततो. म्हणून नवीन माणसानं पट्टी बांधायची. ज्या दिवशी पट्टी सैल सुटली तरी त्याला समजत नाही, दोरा लागतच नाही, त्या दिवशी हात मुरला असं धरायचं आणि पट्टी उतरवायची. ही आमच्या घरची रीत. बाहेर कुणी ऐकलं तर हसेल, पण आमच्या घरात मुंजीइतकं तिचं महत्त्व.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची आणि जयवंत सहाचा. मीच त्याला न्हाऊ घातलं, मीच शाळेत पोचवलं, मीच मारलं. आक्का म्हणाली की विषय संपला, असं होतं त्याचं. वीस वर्षांचा झाला तरी सदरा कुठला घालू ते मला विचारायचा. माझी तीन स्थळं मोडली होती. एकाला रंग नडला, दोघांना घरातला कातड्याचा वास. चौथं निपाणीचं. मुलगा छापखान्यात कामाला होता, अरविंद नावाचा, बोलायला मऊ. पट्टी उतरली त्याच आठवड्यात त्यांचा होकार आला आणि लग्न वैशाखातलं ठरलं. आयुष्यात एकदाच आमच्या घरात लागोपाठ दोन आनंद आले. तेवढेच.

माघ महिन्यातली दुपार होती. जयवंत मेण वितळवत बसला होता. लहानशी लोखंडी कढई, तिला लाकडी मूठ. तो माझ्याशी बोलत होता, लग्नात मी सूट घालणार म्हणून सांगत होता, आणि बोलता बोलता त्यानं कढई उचलली. मुठीनं नव्हे, काठानं. उचलून मेण साच्यात ओतलं, कढई खाली ठेवली, आणि पुन्हा सुटाविषयी बोलायला लागला.

मला वास आला. आधी वाटलं कातडं जळतंय. कातडंच होतं ते, पण त्याच्या हाताचं.

"जया, हात!"

त्यानं हात उलटा करून पाहिला. करंगळीपासून तळव्याच्या कडेपर्यंत कातडी पांढरी फटक पडून सुटली होती.

"अगं आई," तो म्हणाला. मग हसला. "लागलं न्हाई बघ जरा सुद्धा. हात मुरलाय न्हवं!"

तात्यांनी तर ही गोष्ट दोन दिवसांत दुकानादुकानातून फिरवली. "आमच्या पोराला आता विस्तव बी लागत न्हाई." लोक कौतुकानं त्याचा हात धरून बघायचे. मीही हसले. मी खोटं सांगणार नाही, मीही हसले.

मलम आणायला मी कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं लोखंडे बाई म्हणून नर्स होत्या, तोंडानं फटकळ, पण हाताला गुण असलेल्या. मी विस्तवाची गोष्ट त्यांना गंमत म्हणून सांगितली. त्या मलम काढता काढता थांबल्या.

"भाजलं आणि समजलंच नाही त्याला?"

"हात मुरलाय बाई त्याचा. आमच्यात तसं..."

"अंगावर फिकट चट्टा आहे का कुठं?"

होता. उजव्या कोपराच्या वर, रुपयाएवढा होता तो आता तळहाताएवढा झाला होता. गजकर्ण म्हणून मीच त्याला वर्षभर काहीबाही लावत होते.

बाईंनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. घरी जाऊन काय करायचं ते त्यांनी मला सांगितलं. त्याला डोळे मिटायला लाव, पेनच्या टोकानं बोटांना स्पर्श कर, कुठं लागलं ते त्याला दाखवायला सांग.

मी घरी येऊन तो खेळच केला. "डोळे मिट. मी हात लावीन तिथं बोट ठेवायचं." लहानपणी आम्ही असले पुष्कळ खेळ खेळलो होतो. तो मांडी घालून बसला, डोळे गच्च मिटून, चेहऱ्यावर हसू. डाव्या हातावर प्रत्येक खेपेला बरोबर बोट ठेवलं. मग मी उजव्या करंगळीला पेन टेकवलं. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्याच्या कडेला. दाबलं. टोचलं. दहा वेळा, बारा वेळा.

"आक्का," तो डोळे मिटूनच म्हणाला, "सुरू कर की."

मी उठून मोरीत गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी लोखंडे बाईंनी मला स्पष्ट सांगितलं. कुष्ठ आहे. त्यांनी तो शब्द वापरला. माझ्या कानात आमच्या गल्लीचा शब्द वाजला, महारोग. "घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "आता गोळ्या निघाल्यात. फुकट मिळतात. माणूस ठणठणीत बरा होतो. पण शीर सुजली असणार त्याची, हे बघ, इथं, कोपरापाशी." त्यांनी माझ्याच कोपरावर दाबून दाखवलं. " ती वाचवायची तर आत्ताच औषध पाहिजे. एकदा बोटं वळली की वळली. उद्या त्याला घेऊन ये."

"बाई, वैशाखात माझं लग्न आहे. त्यानंतर आणलं तर?"

"शीर काय तुझ्या लग्नापर्यंत थांबेल?"

"पण कुणाला समजणार नाही ना?"

"नाव वर कळवावं लागतं," बाई म्हणाल्या. मिरजेत महारोग्यांच्या शोधात फिरणारी सरकारी जीप सगळ्यांना ठाऊक होती. ज्या घराच्या दारात उभी राहिली त्या घरच्या पाण्याला गल्लीत कुणी शिवत नसे. मागल्या आळीतल्या एका घरातली मुलगी ह्यापायी सासरहून परत आलेली मी पाहिली होती, आणि ती परत आली त्या दिवशी मी स्वतः खिडकी लावून घेतली होती. म्हणून मला माहीत होतं लोक काय करतात.

मी उद्या येते म्हणाले आणि गेले नाही. परवाही गेले नाही. दवाखान्याचा रस्ता सोडून लांबच्या वाटेनं बाजाराला जायला लागले. त्याला काही सांगितलं नाही, तात्यांना तर नाहीच. तीन महिने. फक्त तीन महिने. पंचवीस वर्षं काढली, तर त्याची बोटं तीन महिने काढणार नाहीत का? असं मी रोज मनाशी म्हणायचे. देवापुढे म्हणायचे. देवाशी सौदाही करून पाहिला. काय कबूल केलं ते आता सांगायलाही लाज वाटते.

फाल्गुनात माझ्या होणाऱ्या सासूबाई निपाणीहून साड्या दाखवायला आल्या. पुढच्या खोलीत सतरंजीवर पाच साड्या मांडल्या होत्या. तात्या पान लावून देत होते. मागच्या खोलीत, पडद्याआड, पायरीलगतच्या बोळाकडं उघडणाऱ्या खिडकीपाशी जयवंत पेटीचा तळ शिवत होता. त्यानं पाहुण्यांच्या पाया पडून घेतलं आणि लगेच आत गेला, कारण तळ ओला होता. चौकोनी पेटीला कोपरे असतात, कोपऱ्यावर थांबून माणूस पाणी पिऊन येतो. गोल पेटीला थांबायला जागाच नाही. भिजवून वाकवलेलं कातडं ओलं आहे तोवर सगळा फेरा पुरा करावा लागतो. अर्ध्यात उठलं की ते सुकून आकसतं आणि शेवटची भोकं जुळत नाहीत.

"हा जांभळा तुला खुलेल," सासूबाई म्हणत होत्या. माझ्याशी इतकं मायेनं कुणी बोलून किती वर्षं झाली होती! आणि दारात जीप थांबली.

मी अशी उठले की जांभळी साडी पायात अडकली. उंबरा ओलांडून मी दार मागं ओढून घेतलं. पायरीवर एक तरुण उभा होता, खांद्याला पिशवी, हातात वही.

"जयवंत दत्तोबा जीनगर इथंच राहतात ना? दवाखान्यातून नाव आलंय. हात तपासायचाय, दहा मिनिटांचं काम आहे."

"तो घरात नाही," मी म्हणाले.

"कधी येतील?"

"बेळगावला गेलाय. मामाकडं. तिकडंच कामाला लागलाय."

"ताई, उशीर करून चालणार नाही. बोटं..."

"घरात नाही म्हणून सांगितलं ना? त्याला काही झालेलं नाही! त्या बाईंची समजूत चुकलीय. परत ह्या दारात जीप आणू नका, पाया पडते तुमच्या."

माझा आवाज चढला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. अशी तोंडं त्यानं पुष्कळ पाहिली असावीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि तो निघाला. मी आत आले. दोऱ्याचा सर्र सर्र आवाज पडद्याआड चालूच होता. मला हायसं वाटलं. ऐकलं नाही त्यानं, ऐकलं असतं तर हात थांबला असता.

"कोण होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"घर चुकले होते," मी म्हणाले आणि जांभळ्या साडीची घडी घातली.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते मला ठाऊक. सकाळ झाली की आधी त्याच्या हाताकडे बघायचं. रोज संध्याकाळी तेल कोमट करून मी त्याची बोटं चोळत बसे. "लग्नाआधी एवढी सेवा? सासरी जाऊन काय उरंल?" म्हणून तो चेष्टा करी. मी त्याला म्हणाले, "जया, पट्टी बांध परत." तो म्हणाला, "मुरलेल्या हाताला पट्टी? लोक हसतील की." पण बांधली. तात्या चिडले, ओरडले, तरी सोडली नाही; आक्कानं सांगितलं होतं. चैत्रात करंगळी वळायला लागली. मग तिच्या शेजारचं बोट. लग्नपत्रिका छापून आल्या त्या दिवशी मी सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तात्यांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. माझ्या नावापाशी आल्यावर थांबले, चष्मा काढून पुसला. "तुझी आई पाहिजे हुती," म्हणाले. मी आत जाऊन चहा टाकला.

लग्न झालं. जयवंतानं सूट घातला होता. फोटोत सगळीकडे त्याचा उजवा हात खिशात आहे.

आषाढात मी माहेरी आले. पायरीवरूनच तात्यांचा ओरडा ऐकू आला. दोन पेट्या दुकानातून परत आल्या होत्या, तळाची शिवण ढिली म्हणून. जयवंत खाली मान घालून बसला होता. मला बघून उठला, हसला, आणि माझ्या हातातली पिशवी डाव्या हातानं घेतली. उजवा पाठीमागं होता. मी तो ओढून पुढं घेतला. दोन बोटं आत वळून तळव्याला टेकली होती. मी ती सरळ करायला गेले तर होईनात. जोर लावला तरी होईनात.

"चला," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. तात्या, तुम्हीपण चला."

मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर वयस्कर होते, शांत बोलणारे. त्यांनी कोपरापाशी शीर चाचपली, चट्टा पाहिला, पेनचं टोक बोटांना लावलं. जयवंत डोळे मिटून बसला होता. मी भिंतीकडे बघत होते.

"रोग जाईल," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या नेमानं घेतल्या की पूर्ण जाईल. कुणाला लागणारही नाही. पण ही बोटं आता अशीच राहणार. चार महिने आधी आणायचं होतं. चार महिन्यांपूर्वी आला असता तर हात वाचला असता."

तात्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या कपाळावर मारायला सुरुवात केली. "मी पट्टी कापली! मी पेढे वाटले! डॉक्टरसाहेब, हात मुरला म्हणून मी पोराचे पेढे वाटले हो!" खोलीतली माणसं बघत होती. माझा म्हातारा बाप लहान मुलासारखा रडत होता, आणि त्याला गप्प करायला एकच वाक्य पुरे होतं. ते माझ्या तोंडात होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

"तात्या," जयवंत म्हणाला. "तुमची चूक न्हाई. मला ठावं हुतं. मीच लपिवलं."

तात्या थांबले. पुढं झाले आणि त्यांनी काडकन त्याच्या मुस्कटात मारली. आई गेल्यापासून त्यांनी त्याच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला. आणि मी, हातात हिरवा चुडा भरलेली, तिथं उभी राहून बघत राहिले. उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं होतं.

निपाणीला पुढं समजलंच. असल्या गोष्टी लपत नाहीत. तिसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेतो का गं तो? नाहीतर इकडं आण, मी बघते." एवढंच. ज्या वाक्याच्या भीतीनं मी ते सगळं केलं, ते वाक्य कुणी उच्चारलंच नाही. इतकं आयुष्य गेलं, छत्तीस वर्षं, पण त्या दिवशी मी न्हाणीघरात कशी कोसळले ते मला अजून आठवतं. तात्या गेले ते जयवंतावर राग धरूनच. त्याच्या हातचं पाणी घ्यायचे, पण त्याच्याशी बोलत नसत. आणि त्यांना खरं सांगायला मला बारा वर्षं मिळाली होती.

पण हे नंतरचं. त्या दिवशी तात्या औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभे होते आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. त्याच्या गालावर चार बोटं उमटली होती.

"जया, खोटं का बोललास? तुला कुठं ठाऊक होतं?"

"हुतं की."

"कधीपासून?"

"ती जीप आली हुती न्हवं. मी आतच हुतो, खिडकीपाशी. सगळं ऐकलं मी."

"पण तुझा हात तर चालू होता. दोऱ्याचा आवाज येत होता."

"माझं नाव घेतलं नि मी थांबलो असतो तर त्या मानसाला कळलं नसतं का, आत कोन हाय म्हणून?"

"मग बाहेर का नाही आलास?" मी ओरडलेच. बाकावरची दुसरी माणसं वळून बघायला लागली. "तुझा हात होता रे! तुझा हात! उठून बाहेर यायचं होतंस, मला बाजूला ढकलायचं होतंस!"

मी असं का विचारते आहे ते त्याला खरंच समजत नव्हतं.

"तू घरात न्हाई म्हणून सांगितलंस की, आक्का," तो म्हणाला. "मग मी कसा येनार?"